हनोई की सायगाव

चार रिकामी माणसं आणि एक बाकडं एवढं असलं की किस्से आपोआप साचत जातात, कुणाला ते मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. अनसिंगला मी मास्तर होतो तेव्हा शाळा सुटली की सदाशिवच्या हॉटेलसमोरच्या बाकड्यावर बसायचो. सत्तावन-अठ्ठावनचा सुमार. त्या बाकड्यावर दोन वर्षं एकच वाद चालला, तो म्हणजे व्हिएतनामी शेवयांचा रस्सा कुठला चांगला. आमच्यातल्या दोघांखेरीज तो कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पण मत प्रत्येकाला होतं!

ते दोघे म्हणजे पुंजाजी आणि गुलाब, दोघेही फौजेत ड्रायव्हर होते, आता सुटून गावी आलेले. व्हिएतनाममधली लढाई थांबली तेव्हा शांतता राखायला आपली माणसं तिकडे गेली होती, त्यांत हे होते. पुंजाजी उत्तरेला हनोईत राहिला, गुलाब दक्षिणेला सायगावात. तिकडे तांदळाच्या शेवया कोंबडीच्या रश्शात घालून वाडगाभर देतात, त्याला म्हणतात फो. पुंजाजीच्या मते खरा फो हनोईचा, नितळ रस्सा आणि वरून कांद्याची पात, बस. गुलाबच्या मते सायगावचा, कारण तिथला रस्सा जरा गोडसर, वर लिंबू पिळतात आणि मूठभर हिरवा पाला टाकतात.

"पाला बकरीले घालतेत," पुंजाजी म्हणायचा. यावर गुलाब चहा अर्धा टाकून उठून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

*

एकदा वाद फारच पेटला, म्हणून मी शाळेतून नकाशा आणला. नकाशा इंग्रजांच्या वेळचा. त्यात व्हिएतनाम नावाचा देशच नव्हता! बाकड्यावरची मंडळी दोघांकडे संशयानं बघायला लागली. शेवटी हनोई सापडलं, खाली सायगावही सापडलं, आणि दोघांचा जीव भांड्यात पडला.

आमच्यातले वडीलधारे म्हणजे अजाबराव पाटील. ते आयुष्यात अकोल्याच्या पलीकडे गेले नव्हते. त्यांनी अनसिंगपासून हनोईपर्यंत वितीनं अंतर मोजलं, मग दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं.

"एवढ्या दूर सरकारनं तुमाले रस्सा प्याले धाडलं?"

*

तिकडची माणसं दोन काड्यांनी जेवतात, हे पाटलांना पटेना. पुंजाजीनं तुरीच्या दोन काड्या सोलल्या आणि सदाशिवचा चिवडा त्या काड्यांनी सफाईनं खाऊन दाखवला. मग सगळ्यांनी काड्या मोडून आणल्या. अर्धा तास हॉटेलभर चिवडा सांडत होता. पाटलांच्या तोंडापर्यंत एकच शेंगदाणा पोचला, तोही ओठावरून परत फिरला. त्यांनी काड्या शांतपणे खाली ठेवल्या.

"म्हनून ते लोक बारीक असतेत," पाटील म्हणाले आणि मुठीनं खायला लागले.

*

अखेर ठरलं की दोघांनी रांधावं आणि पाटलांनी निकाल द्यावा. अडचण एकच होती. पोरगा सुखरूप परत आला तर त्याला माळ घालीन, असा गुलाबच्या आईनं नवस केला होता, आणि आल्याबरोबर तो फेडला होता. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मटण-कोंबडी बंद. म्हणजे ज्या रश्शासाठी तो जिवावर उदार होऊन भांडत होता, तो त्याला जन्मभर तोंडाला लावता येणार नव्हता! मला त्याची खरोखर दया यायची. तो म्हणाला, पुंजाजीलाच रांधू द्या, रस्सा कुठला ते मी नुसत्या वासावर सांगतो.

तांदळाच्या शेवया कुठून आणणार? उन्हाळ्यात बायांनी खाटेवर वाळवलेल्या गव्हाच्याच घेतल्या. पुंजाजीनं हॉटेलच्या चुलीवर रस्सा ठेवला, त्यात शेवया सोडल्या आणि तो पात आणायला गेला. तेवढ्यात सदाशिवची बायको तिथून गेली. भांड्यात शेवया दिसल्या, आणि तिचा हात सवयीनं गुळाच्या डब्याकडे गेला. आमच्याकडे शेवयांत गूळ नसतो असं घर दाखवा. तिनं चांगला मोठा खडा टाकला आणि ती धुणं धुवायला निघून गेली.

गुलाब आला. डोळे मिटून त्यानं पुंजाजीच्या भांड्याचा लांब वास घेतला, आणि मोठ्या समाधानानं सांगितलं, "हा सायगावचा."

पुंजाजी आठ दिवस बाकड्यावर आला नाही.

*

मग गुलाबची सोयरीक निघाली. फौजेपायी वय वाढलं होतं, आधीच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. धनजची मुलगी पाहून झाली आणि त्याला ती मनापासून आवडली. मुलीचे वडील पिढ्यान्‌पिढ्यांचे माळकरी. त्यांची अट एकच, जावयानं जन्मात मांस खाल्लेलं नसावं. गुलाबच्या आईनं बेधडक हो म्हणून टाकलं होतं.

आमच्याकडे सुपारी फोडण्याआधी मुलीचा बाप गावात चार माणसांत बसून चौकशी करतो. तसे ते आले. नेमका गुलाबही बाकड्यावर होता. पाया पडून तो खाली मान घालून बसला. आम्ही त्याचं तोंडभर कौतुक केलं. पण इकडे येताना बसमध्ये कुणीतरी त्यांना आमच्या वादाची गोष्ट रंगवून सांगितली होती.

"सायगावचा रस्सा लय चांगला म्हन्ता तुमी," ते गुलाबला म्हणाले. "कोंबडीचा असते ना तो?"

गुलाबचा हात माळेवर गेला. माळ हातात धरून खोटं बोलणारा तो नव्हता, आणि खरं बोलला की सोयरीक मोडली.  

पुंजाजीनं कप खाली ठेवला.

"हा काय सांगते, पावनं! यानं तो कुटी खाल्ला? दारातून वास घेऊन दोन वर्सं माझ्याशी भांडून राह्यला. इचारा त्यालेच, हनोई चांगलं का सायगाव."

पाहुणे गुलाबकडे वळले. गुलाबनं पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी पाटलांच्या बशीतला चिवडा निवडत होता.

"हनोई," गुलाब म्हणाला.

दोन वर्षं भांडून एका शब्दात पलटणाऱ्यानं तो रस्सा चाखलेला नसणार, असं पाहुण्यांना पटलं. सुपारी फुटली. लग्न धनजला झालं. पंगतीत आग्रह करायला नवरदेव फिरत आला आणि पुंजाजीच्या पानापाशी थांबला. पानात शेवयांची खीर होती. गुलाबनं बाजूच्या परातीतून मूठभर कोथिंबीर उचलली आणि खिरीवर टाकली.

पुंजाजीनं ती खीर पानात एक शेवई न ठेवता खाल्ली.