देवापुढे उघडे डोळे

मंगळवारी जयनगरला न्यूरोलॉजिस्टकडे गेले होते. सोबत बाबा होते. त्यांना नसांचा आनुवंशिक आजार आहे... तो माझ्यात उतरलाय का, एवढंच बघायचं होतं.

"कण्णु मुच्ची," डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले. मी डोळे मिटले. त्यांनी माझ्या पायाचा अंगठा चिमटीत धरला आणि तो वर जातोय की खाली, ते विचारत राहिले. वर... खाली... वर. मी न अडखळता सांगत गेले.

डोळे उघडले तर बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "शेवटच्या काही वेळा मी अंगठा हलवलाच नव्हता," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

मी मारतहळ्ळीच्या एका कंपनीत रोबोटच्या हातांचे सेन्सर तपासते. सांधा किती वळलाय, हे सेन्सरने कळवायचं असतं. बंद पडलेला सेन्सर लगेच सापडतो... ठामपणे चुकीचं सांगणारा सापडत नाही.

पाय कुठे आहे हे पायाकडून कळेनासं झालं, की ते काम डोळे करतात, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणून अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जातो. जेनेटिक टेस्टसाठी रक्त दिलं आणि आम्ही घरी आलो.

काल बनशंकरीत, आमच्या गल्लीतल्या देवळात आम्ही तिघं आरतीला गेलो. बाबा नेहमी खांबाला टेकून उभे राहतात आणि डोळे कधीच मिटत नाहीत. आई कायम चिडवते, "अहो, देव कुठे पळून जात नाही. मिटा की डोळे!" त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, "कुणीतरी पहाऱ्याला नको का?" आम्ही हसायचो. त्यामागचं कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

काल मी हात जोडले, सवयीने डोळे मिटले... आणि जमीन कलली. डोळे उघडले तेव्हा बाबांनी माझा दंड घट्ट धरला होता. आईने ते पाहिलं.

"तू इथे उभी राहा," बाबा म्हणाले. खांबाजवळची जागा त्यांनी मला दिली आणि स्वतः बाजूचं रेलिंग धरलं.

रिपोर्ट अजून यायचाय. आरती संपेपर्यंत आम्ही दोघांनीही डोळे उघडे ठेवले... इतकी वर्षं बाबा तिथे एकटे उभे होते.