आमच्या दारावरचा कडूलिंब

माझे बाबा, डोमाजी गवंडी, दुमजली भिंतीच्या कडेवरून विडी ओढत चालायचे, पण सुई दिसली की त्यांचे पाय लटपटायचे. साधी गोधडी शिवायची सुईसुद्धा माय त्यांच्यासमोर काढत नसे. फुलसावंगीत ही गोष्ट मायशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती आणि बाबांची सगळी ऐट त्याच्यावरच उभी होती.

छप्पन्न साली नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि तेव्हापासून त्यांना भाषण फुटलं. भिंत बांधताना खालून कुणी गेलं, की वरून सुरू, "देवी-गिवी काही नसते, बापहो! जंतू असते, जंतू!" जंतू त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण कालच बाजारात भेटल्यासारखे बोलायचे.

त्रेसष्टच्या चैत्रात जवळच्या एका गावात देवीचे दोन रोगी निघाले आणि आमच्याकडे नवी लस येणार अशी बातमी आली. लस रशियाची, वाळवून भुकटी केलेली. झालं, गाव डोकं चालवायला बसलं. आमचा शेजारी उकंडा म्हणाला, "वायवलेली लस घेतली का मानूस बी वायते." दुकानदार रामधनला वेगळीच काळजी. "तिकडं बरफ हाय. आपल्या उन्हात ते लस आंगात उकयन!" सरपंच पंजाबराव चार बुकं शिकलेले, तेही म्हणाले, "थांबा, पह्यले दुसऱ्या गावाले टोचू द्या." मला या माणसांचं हसू येतं तसा रागही येतो. यांतल्या कितीतरी घरांतलं एखादं मूल देवीनं गेलेलं होतं.

"डोमाजी, तू घेशीन का टोचून?" उकंडानं चारचौघांत विचारलं.

"मी? सगळ्यायच्या आंधी! अन् माह्या पोरीले बी!"

ती पोरगी म्हणजे मी. तेव्हा दोन वर्षांची होते.

गावाकडे लस टाळायची एक पळवाट होती. ज्या घरी देवी आली, त्या दारावर कडूलिंबाचा डहाळा बांधायचा. तो दिसला की परका माणूस उंबरा ओलांडत नाही, अशी रीत. लस टोचणारे वामनराव गुरुवारी येणार होते. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. गुरुवारी सकाळी सरपंचांच्या दारावर डहाळा दिसला. तो पाहून रामधननं बांधला, मग उकंडानं. उन्हं वर येईपर्यंत गावातली सगळी कोवळी पालवी झाडांवरून दारांवर आली होती.

आणि या सगळ्यांच्या आधी, उजाडायच्या सुमारास, माझ्या शूर बापानं आमच्या दारावर एक डहाळा बांधला होता. मग ते छपरावर चढले आणि धडधाकट कवेलू काढून पुन्हा तिथेच बसवू लागले.

वामनराव सायकलवरून आले. पहिल्या दारावर लिंब, दुसऱ्यावर लिंब. एक आळी पाहून झाल्यावर ते पारावर बसले आणि टोपीनं वारा घेऊ लागले. "अख्खं गाव आजारी! मला यवतमाळहून पथक बोलवावं लागेल. बाजार बंद, लग्नं बंद, येणंजाणं बंद." सरपंचांच्या घरी आठ दिवसांवर लग्न होतं. त्यांचं तोंड उतरलं, पण बोलायचं कुणी?

वामनराव आमच्या वस्तीत आले, मागून सगळं आजारी गाव चालत आलं. आमचं दार मोकळं होतं. दारासमोर आमची बकरी उभी होती आणि तिच्या तोंडातून अर्धा डहाळा लोंबत होता.

माय मला कडेवर घेऊन उंबऱ्यात आली. "या डाक्टरसाहेब. आमच्या घरी देवी-गिवी नाही." मग वर पाहून म्हणाली, "अवो, उतरा. तुमची लस आली."

बाबा शिडीवरून उतरले तेवढ्या वेळात एक ओटा बांधून झाला असता. त्यांनी बकरीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, दंड पुढं केला, डोळे घट्ट मिटले आणि मोठ्यानं त्रिशरण सुरू केलं. वामनरावांनी दंडावर लसीचा थेंब टाकला, दातेरी चकती टेकवून फिरवली आणि माझ्याकडे वळले. मी भोकाड पसरलं. बाबांचं त्रिशरण संपलं तेव्हा डॉक्टर पेटी आवरत होते.

"टोचा डाक्टरसाहेब, मी भेत नाही!" डोळे अजून मिटलेलेच.

"अहो, केव्हाच झालं."

बाबांनी डोळे उघडले आणि त्यांची छाती फुगली. "पाहा रे! वायलो का? उकयलो का?" सरपंच लग्नाच्या काळजीनं तडक घरी गेले आणि डहाळा सोडून टोचून घ्यायला परत आले. मग काय, दुपारपर्यंत रांग लागली आणि गावातल्या बकऱ्यांची दिवाळी झाली.

पुढं तीस वर्षं गाव सांगत राहिलं, की सगळे पानाआड लपले, एकटा डोमाजी उघड्या दारानं उभा राहिला. बाबा मान खाली घालून ऐकायचे. ती बकरी मात्र त्यांनी म्हातारी होऊन मरेपर्यंत विकली नाही.

बाबा गेल्यावर एकदा मी मायला विचारलं, "बकरी तर मागच्या खुंट्याले बांधलेली असे. चौकटीवरच्या डहाळ्याले तिचं तोंड कसं पोचलं?"

माय सुपात तुरीची डाळ निवडत होती. "नाही पोचलं. मीच डहाळा सोडला अन् तिच्यापुढं टाकला."

"बाबाले कळलं होतं?"

"गाठ त्यायचीच होती. बकरीले गाठ सोडता येते का?"

"मंग तू बाबाचा शब्द राहावा म्हनून केलं."

मायचा हात सुपात थांबला. "शब्दाचं काय घेऊन बसली, बाई. तुह्या आंधी माही इंदू होती. तिले देवी आली त्या वख्ती लिंब मीच बांधला होता. कोनालेच घरात येऊ देल्लं नाही, डाक्टरलेही नाही. पोरगी गेली तवा डहाळा सुकला बी नव्हता."