बदलीवर आलेले मावसाजी

माझे मावसाजी या पृथ्वीवर राहायला म्हणून कधी आलेच नव्हते. ते इथे बदलीवर आले होते, आणि पुढच्या बदलीचा हुकूम आजच्या डाकेने येणार अशा तयारीत असायचे. फौजेत हवालदार होते तोवर हे शोभून दिसायचं. पुढे ते निवृत्त झाले, दुर्गजवळ मरोद्याच्या पलीकडे माजी सैनिकांना शेतीसाठी जमिनी मिळाल्या आणि त्यातला एक मुरमाड तुकडा मावसाजींच्या नावावर झाला. सगळा तुकडा पायी फिरून झाल्यावर त्यांनी मावशीला विचारलं, "इथून पुढं कुठं?" मावशी म्हणाली, "इथून पुढं चुलीपाशी. जेवून घ्या."

आजूबाजूच्या फौजींनी विटा-सिमेंट आणून घरं बांधायला घेतली. मावसाजींनी पत्र्याची खोली उभी केली, ती सगळीच्या सगळी नटबोल्टवर. "अर्ध्या घंट्यात उकलून ट्रकमंदी," असं ते अभिमानाने सांगायचे. एका रविवारी आम्ही सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमधून त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. माझ्या बायकोने भाबडेपणाने विचारलं, "खरंच उकलते का हो?" मावसाजींनी शिट्टी फुंकली, पाना घेतला आणि आमच्या ताटात भात पडायच्या आत डोक्यावरचं छप्पर उतरवलं. वरण-भात आम्ही रणरणत्या उन्हात खाल्ला. मावशी वरणाने भरलेल्या गंजावर छत्री धरून उभी होती. छप्पर परत बसवायला मात्र संध्याकाळ झाली, कारण चार नट मुरमात हरवले होते आणि आम्ही सगळे पाहुणे गुडघ्यांवर रांगत ते शोधत होतो.

पिकांच्या बाबतीतही तोच हिशेब. मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर. महिना-दीड महिन्यात जे हातात येईल तेवढंच लावायचं. तुरीवर त्यांचा विश्वास नव्हता. "लय दिवस बसून राहते थे," म्हणायचे, जणू तूर म्हणजे कामचुकार जवान. मुळे दोरी लावून पेरलेले असत. रांग सोडून उगवलेला मुळा ते उपटून जागेवर आणून लावायचे आणि तो मेला की म्हणायचे, "शिस्त झेपली नाही त्याले."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण उन्हाळा आला. तीन शेजाऱ्यांनी मिळून एक विहीर खणायचं ठरवलं, आणि पाण्याची जागा निघाली नेमकी मावसाजींच्या शेतात. मावसाजी म्हणाले, "नाही. इहीर का पेटीत भरून नेता येते?" शेजारचे साहूजी, तेही जुने फौजी, कपाळावर हात मारून त्यांच्या छत्तीसगढीत म्हणाले, "अगा हवलदार, तोला लेगत कोन हे?" तुला नेतंय तरी कोण! मावसाजी चिडले, विहीर राहिली. साहूजींची पेरूची रोपं जळून गेली आणि त्यांनी बोलणं टाकलं. उरलेले दोघे घराला कुलूप लावून दुर्गला सिक्युरिटी गार्ड म्हणून लागले. "पाह्यलं? झाली का नाही त्यायची बदली?" असं मावसाजी मला म्हणाले खरे, पण त्या ओसाड शेतांकडे पाहताना त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

शेवटी मावशीने मोर्चा सांभाळला. साहूजींची बायको गुंडभर पाणी डोक्यावर घेऊन तळ्यावरून येताना तिने पाहिली, आणि घरात जाऊन खाट आणली. ती खाट बरोबर विहिरीच्या जागेवर टाकली आणि वर बसली. "जल्मभर तुमच्या मांगं पेट्या बांधल्या," ती म्हणाली. "आता मी इथून हालत नाही. तुमची बदली आली तं तुमी खुशाल जा. मनीऑर्डर करत जाजा."

मावसाजी दोन दिवस रागाने उभ्याउभ्या जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी सब्बल आणि कुदळ घेऊन आले.

"खाट सरकव."

"कावून?"

"खाटेखाली कशी खोदू?"

आणि खोदायला लागले. पण हाताला सवय खंदकाची. दुपारपर्यंत छातीएवढा खोल आणि चांगला लांबलचक खंदक तयार! साहूजी बांधावरून हे पाहत होते. त्यांना हसू आवरेना. "ये कुआँ है के मोर्चा?" ही विहीर की लढाईचा खंदक, असं ओरडत, अबोला विसरून, आपली कुदळ घेऊन ते आत उतरले. मग दोघांनी मिळून तो खंदक गोल केला. मृग लागायच्या आधी पाणी लागलं. ते ऐकून दोघे गार्डही परत आले, आणि भाजीच्या वाफ्यांतून कितीतरी दिवस गार्डच्याच वर्दीत हिंडत होते.

गेल्या वर्षी मावशी गेली. बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले, तेव्हा मी मावसाजींना आमच्या क्वार्टरमध्ये घेऊन आलो. दोन दिवस ते पायात बूट घालून खुर्चीत बसून होते. बायकोने चहा दिला की "थँक्यू बेटा" म्हणायचे, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी. मी स्कूटर काढली आणि थेट शेत गाठलं. मावसाजी खड्ड्याशी गुडघे टेकून बसले होते. शेजारी साहूजी फणसाचं रोप हातात धरून उभे. जीव भांड्यात पडला आणि त्यामुळेच माझा आवाज चढला.

"या वयात हे काय, मावसाजी? फणसाले फळ याले सात-आठ वर्षं लागतात!"

त्यांनी रोप खड्ड्यात ठेवलं. मुळांभोवतीची माती तळव्याने हळूहळू दाबली. वर न पाहताच म्हणाले, "लागू दे ना, बाबू. मले का आता कुठं जायचं हाय?"

मग दुसऱ्या रोपाची जागा दाखवून त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली.