साखरेच्या देवळाला दिलेली गाडी

माणसासाठी घेतलेली गाडी मी एकदा साखरेच्या देवळाला दिली. हसा खुशाल, मीही हसते. पण एकटी असले की तोंडावर पदर ओढून घेते.

जळगावात आमचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा. तेव्हा मी पन्नाशीची, कानाला फोन आणि डोक्यात हवा. साऱ्या गाड्यांत व्हीलचेअर चढेल अशी एकच, उंच टपाची. मागचं दार उघडलं की रॅम्प जमिनीला टेकायचा. त्या एकीवर मी जिल्हाभर मिरवायचे.

असोद्याच्या एका बाईंनी ती मुलीच्या लग्नासाठी सांगून ठेवली होती. लग्न धुळ्याला, मुलाकडे. त्यांचं म्हणणं एवढंच, "नव्या सोयऱ्यांपुढं मला माझ्या खुर्चीतून मांडवात जायचंय. कोणी उचलायचं नाही." मी म्हटलं, "झालंच समजा."

मग त्याच दिवसासाठी फैजपूरचं बडं गिऱ्हाईक आलं. त्यांच्या रुखवतात साखरेचं देऊळ होतं, कळसासकट. रॅम्पवरून सरकवत चढवलं तर मोडणार नाही, म्हणाले. मला पटलं! बाईंचं काय, उचलायला आपल्याकडे माणसं कमी आहेत का? हातोहात नेऊ, मानानं नेऊ.

लग्नाच्या दिवशी साधी गाडी घेऊन मी स्वतः असोद्याला गेले. वर म्हणते कशी, "बघा, मालकीण आलीय सोबत!" बाईंनी गाडीच्या मागच्या दाराकडे बघितलं, रॅम्प नव्हता. मुहूर्त जवळ आलेला. त्यांच्या भावांनी उचलून बसवलं. धुळ्यापर्यंत मी एकटीच बोलत होते. देवळाची गोष्टही मीच सांगितली, गंमत म्हणून.

मांडवाशी उतरून, उचलायला या म्हणून मीच हाका मारल्या. "बाजू सरका बठ्ठा, नवरीनी माय शे!" गर्दीतून कोणीतरी अहिराणीत ओरडलं, सगळे बाजूला झाले आणि मुलाकडचे चौघे धावले. एकानं काखेत हात घातला, एकानं गुडघ्यांखाली. निऱ्या सुटल्या. बाईंनी दोन्ही हातांनी साडी आवळून धरली. समोर विहीणबाई उभ्या, त्यांना नमस्कार करायला हात उरला नाही. मागून रिकामी खुर्ची ढकलत मी, चेहरा असा हसरा की जणू माझंच लग्न.

आता आमच्याकडे तशा तीन गाड्या आहेत, लग्नसराईत त्याही पुरत नाहीत. रुखवतवाले आले की सांगते, देऊळ मांडीवर घेऊन बसा.

पण तेव्हा अजून अक्कल आली नव्हती. लग्न लागलं, जेवणं उरकली, तशी मी गाडी दाराशी लावून पुन्हा माणसं गोळा केली. "चला रे, हळूच उचला." बाईंनी खुर्चीची चाकं घट्ट धरली आणि आवाज न चढवता सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"अक्का, तुमचं देऊळ उतरलं असेल ना आता? मग ती गाडी इकडे मागवा. ती येईपर्यंत मी इथून हलणार नाही. तुम्हाला घाई असेल, तर हे तुम्हाला उचलून बसवतील."