टाकाच्या जागी लांडगी

मुलीच्या बाळंतपणासाठी आयर्लंडमध्ये किलकेनीला आले तेव्हा देव बरोबर आणले. नवरा गेल्यावर घरी पूजा करणारं कोणी उरलं नव्हतं, आणि देव बिनपूजेचे ठेवत नाहीत. त्यात खंडोबाचा टाक होता. चांदीच्या पत्र्यावर घोड्यावरचा देव ठोकलेला. सासूने शेवटच्या आजारात तो माझ्या ओंजळीत दिला होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये मी देवघर मांडलं.

जावई डॉक्टर. त्यांना रोमन नाणी जमवायचा नाद. मी बाळाला न्हाऊ घालत असताना त्यांनी टाक उचलला, एका नाणेवाल्याला दिला आणि बदल्यात काशाचं नाणं आणलं. जेवताना ते दाखवलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला दोन पोरांना पाजणारी लांडगी. म्हणाले, आई, तुमच्या घोड्यापेक्षा ही किती जुनी आहे. हिच्यावरचा हा हिरवा थर, हीच हिची शोभा, त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. मुलगी हसली. मला चारचौघांत बोलता येत नाही.

पण ऐकलं मात्र नीट.

रविवारी, खंडोबाच्या वारी, मी नाणं त्यांच्या डबीतून काढलं. ताम्हनात ठेवून लिंबू आणि मीठ चोळलं. शेजारीण शेगडीत टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती जाळते, तिच्याकडून मागून आणलेल्या राखेने घासलं. दर रविवारी घासलं. हिरवं गेलं, मग बाईचं नाक गेलं, मग पोरं. वर भंडारा लावून नाणं टाकाच्या जागी बसवलं. हाताला बरं वाटायचं.

एकदा पाहुण्यांना दाखवायला त्यांनी डबी उघडली, ती रिकामी. शोधत देवघरापाशी आले.

“आई, हे काय केलंत?”

“देव उजळला.”

“अहो, हा देव नाही. नाणं आहे हे.”

“आणि माझा टाक काय होता, जावईबापू?”

पाहुणे खाली बघू लागले. दुसऱ्या दिवशी जावयांनी नाणेवाल्याला फोन केला. टाक त्याने केव्हाच पुढे कुणाला तरी दिला होता. मुलगी म्हणाली, आई, त्यांना वाईट वाटतंय, आता सोड. मी मान डोलावली.

रविवारी त्यांच्या नाण्यांच्या पेटीतून दुसरं नाणं घेतलं. गरुडाचं होतं. ते दारात उभे राहून बघत होते. मी लिंबू कापलं.