तात्यांचा गांडुळांचा डबा

सन १९५४, वैशाखातला सोमवार. अंथुर्ण्याचा मळा, विहिरीजवळचा हौद. हजर: मी, थोरल्या जाऊबाई, शेजारच्या मळ्यातले आबा, चुलत सासरे तात्या. कासवं दोन, पैकी एक मेलेलं.

एवढी नोंद माझ्या वहीत आहे. तिच्याखाली जे लिहायला हवं होतं ते मी लिहिलं नाही, घरात कुणाला सांगितलंही नाही. चार वर्षं झाली. तुम्हाला सांगते — आणि सांगताना तोंड कडू होतंय.

कासवं तात्यांची. कालव्याच्या पाटात सापडली म्हणून त्यांनीच आणून हौदात सोडलेली. रोज सकाळी ते कोबीच्या वाफ्यातून गांडुळं आणि गोगलगाई वेचायचे, पत्र्याच्या डब्यात भरायचे. गोगलगाई शंखासकट टाकायचे. वर मूठभर घोळीची भाजी. कासवांना उन्हात बसायला हौदात एक दगड.

मला त्या डब्याची शिसारी यायची. तात्या हात धुऊनच भाकरी मोडायचे, हे खरं — पण मला ती बोटंच दिसायची. शिवाय देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण पुढं जातो. मग जिवंत कासवाला किडे? मी व्यवस्थेची बाई. डबा काढून घेतला, माळ्यावर टाकला आणि वार लावून दिले: सोमवारी दहीभात, मंगळवारी गूळपोळी, एकादशीला साबुदाणा. आजूबाजूच्या बायका पाळीनं आणू लागल्या. किती छान चाललं होतं — कागदावर.

तात्या हसले. "सूनबाई, कासवाच्या गळ्यात तुळशीची माळ हाय व्हय? मान भाईर काढंल तवा घाला एखादी." मग हसणं सोडून म्हणाले, "पाठ मऊ पडंल त्याची. शंख पोटात गेला तरच पाठ घट ऱ्हाती."

मी ऐकलं का? उलट तो दगडही काढला. त्याला भात चिकटून आंबत होता म्हणून.

दोन महिन्यांत दोघांचे डोळे सुजून मिटले. पाठ दाबली तर ओल्या चपलेसारखी दबायची. हो — मी दाबून पाहिली होती. बोलले मात्र नाही. आणि त्या सोमवारी एक कासव तरंगताना दिसलं, आंबलेल्या भाताच्या सायीत, पोट वर करून.

जाऊबाई म्हणाल्या, "तात्यांनी देवाच्या जिवाला किडं चारलं, त्येनंच झालं हे." आबा माझ्याकडं वळले. "बाई, तुमी रोज हितं असता. चारत हुते का?"

डबा दोन महिने माझ्या ताब्यात होता. तात्यांनी माझा शब्द एकदाही मोडला नव्हता. एवढंच तर सांगायचं होतं — आणि मी काय म्हणाले?

"व्हय, चारत हुते."

अगदीच खोटं नव्हे, नाही का? पूर्वी चारतच होते. असलं बेतून कापलेलं खोटं. तात्यांनी वाकून मेलेलं कासव हौदातून उचललं आणि बांधाकडं पुरायला नेलं. त्या दिवसापासून बायका त्यांना पाहिलं की पदर आवरून बाजूला व्हायच्या, हौदाकडं तर त्यांना कुणी फिरकू देईना. आठ दिवसांत ते पणदऱ्याला लेकीकडं गेले. या वयात जावयाच्या दारात भाकरी खायची वेळ त्यांच्यावर मी आणली.

पुढचं याहून घाण आहे. उरलेलं कासव जगावं म्हणून मी माळ्यावरून तोच डबा काढला. भर दुपारी, सगळे जेवून आडवे झाल्यावर, याच बोटांनी गांडुळं वेचली, गोगलगाई वेचल्या. दगड परत ठेवला. दिवाळीपर्यंत कासवाचे डोळे उघडले, पाठ कडक झाली. बायका म्हणाल्या, बाईंच्या दहीभाताचा गुण. मी मान डोलावली — डोलावली!

शिसारी आता गांडुळांची येत नाही.

कासव धडधाकट आहे. आजच्या यादीत चार कामं होती: वांगी बारामतीला धाडणे, विहिरीचा दोर बदलणे, गोगलगाई, आणि पणदऱ्याला जाऊन तात्यांना घेऊन येणे. जाऊबाई आणि आबांसमोर, हौदापाशी, सगळं सांगायचं आहे. पहिल्या तिन्हींवर खूण केली. चौथं रोज उद्याच्या पानावर उतरवते. डबा घासून, पणदऱ्याला न्यायच्या पिशवीत घालून, दारामागच्या खुंटीला लावलेला आहे.