जावेचा पट्टा

माझी धाकटी जाऊ प्रियदर्शनी पोट सपाट करायचं ऑपरेशन करून आली. डॉक्टरनं तिला पोट आवळून धरणारा पट्टा दिला, रातंदिस घालायचा. बांधायला रोज आमची सासू. "लई घट्ट झाला काय गं, लेकी?" म्हणत एकेक हुक लावायची. गोठ्यातनं ते बघताना माझा जीव नुसता जळायचा.

माझी तीन बाळंतपणं ह्याच घरात झाली. बाळंतिणीचं पोट लुगड्यानं बांधायचं, हे सासू गल्लीभर सांगत फिरायची. माझं मात्र बांधलं न्हाय. पोट बांधल्यावर वाकता येत न्हाय, मग म्हशी कोण पिळणार?

काल सासू जोतिबाला गेलेली. जाऊ आंघोळीला गेली, पट्टा पलंगावरच. मी दार लोटलं आन् लुगड्यावरनंच चढवला. श्वास कोंडून कसंबसं हुक लावलं. कंबरंला कुणीतरी मायेनं धरल्यागत वाटलं, डोळंच भरलं.

तेवढ्यात दार ढकलून सासू आत, कपाळभर गुलाल. तिनं मला खालवर बघितलं.

"काढ आदी," ती म्हणाली, "तुझ्या पोटानं सैल हुईल की त्यो!"